पहिली अमेरिकी तलवार: शिपायाची घ्यावी की अधिकाऱ्याची?

अमेरिकेत राहून जुनी लष्करी तलवार घ्यायची ठरवली, की दोन नावं पुन्हा पुन्हा समोर येतात. एक म्हणजे घोडदळाच्या शिपायाची १८६० मॉडेलची सेबर, आणि दुसरी पायदळाच्या अधिकाऱ्याची १८५० मॉडेलची तलवार. दोन्ही १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धातल्या. दोन्ही अजून भरपूर मिळतात, आणि ठीकठाक अवस्थेतल्या नगाची किंमत काही शे डॉलरपासून हजार-दीड हजारापर्यंत जाते. तेव्हा निवड पैशांवर ठरत नाही. तुम्हाला काय तपासता येतं, त्यावर ठरते.

शिपायाची सेबर सरकारी माल होती. सरकारने ठेका दिला, कारखान्याने बनवली, सरकारी तपासनिसाने पाहून छाप मारला. अधिकारी मात्र आपली तलवार स्वतःच्या खिशातून, दुकानात जाऊन घेत असे. बाकीचे सगळे फरक इथूनच निघतात.

आधी सेबर. पितळी मूठ, हाताच्या बचावाला तीन कांबी, चामड्यावर पिळाची तार, लोखंडी म्यान आणि त्याला दोन कड्या. मुठीलगत पात्याचा जो सपाट, बिनधारी भाग असतो तो भिंगाखाली धरा. एका बाजूला यू. एस., वर्ष आणि तपासनिसाची आद्याक्षरं, दुसऱ्या बाजूला कारखान्याचं नाव असा छाप सापडायला हवा. सर्वांत मोठं नाव मॅसॅच्युसेट्समधल्या चिकोपीच्या एम्स कंपनीचं. (याच कारखान्यात वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमधले सिनेटचे कांस्य दरवाजे ओतले गेले.) शिवाय ऱ्होड आयलंडची मॅन्सफिल्ड अँड लँब, चेम्सफर्डचा सी. रोबी, ट्रेंटनची एमर्सन अँड सिल्व्हर. न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळींना ही शेवटची गावातलीच म्हणायची! वर्ष, कारखाना आणि आद्याक्षरं एकमेकांशी जुळतात का, हे नवखा माणूससुद्धा आठवडाभर वाचन करून पडताळू शकतो. पुरावा तलवारीवरच ठोकलेला आहे.

विक्रेते १८४० आणि १८६० यांत हमखास गल्लत करतात. १८४० ची सेबर फ्रान्सच्या १८२२ च्या नमुन्यावरून घेतलेली, जड. शिपाई तिला मनगटतोडीच म्हणत. तिचं पातं मुठीपाशी साधारण सव्वा इंच रुंद भरतं, १८६० चं जेमतेम एक इंच. १८६० ची मूठ मध्ये किंचित फुगीर असते, १८४० ची नसते. १८४० च्या पुष्कळ तलवारी जर्मनीतल्या झोलिंगनहून आल्या आणि त्यांतल्या अनेकांवर अमेरिकी तपासणीचा छाप नाही. त्या खोट्या नव्हेत, पण पहिल्या खरेदीला त्यांच्या वाटेला जाऊ नये.

धारेवरच्या खाचा दाखवून ‘ही लढाईत चाललेली आहे’ असं सांगणारे भेटतीलच. उत्तरेच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या सैन्याच्या वैद्यकीय नोंदींत शस्त्रांच्या २,४६,७१२ जखमा आहेत. त्यांत सेबर आणि संगीन मिळून फक्त ९२२. रणात मेलेले या आकड्यात नाहीत हे मान्य, तरीही प्रमाण बोलकं आहे. खाचा बहुतेक वेळा नंतरच्या पिढ्यांतल्या पोरांनी परसात एकमेकांवर तलवारी आपटून पाडलेल्या असतात. खाचांसाठी एक डॉलरही जास्त देऊ नका.

आता अधिकाऱ्याची तलवार. देखणेपणात ती सेबरला मागे टाकते, यात वाद नाही. जाळीदार पितळी मूठ, खरखरीत मत्स्यचर्मावर तार, तीस-बत्तीस इंची किंचित वळलेलं पातं, आणि त्यावर आम्लाने कोरलेली वेलबुट्टी, गरुड आणि यू. एस. ही अक्षरं. म्यान चामड्याचं, त्यावर पितळेचे बंद. आणि नेमकं हेच तिचं दुखणं. कोरीव काम उथळ असतं. कुणा आजोबांनी दर रविवारी पातं घासून चकचकीत ठेवलं असेल तर नक्षी गेली, आणि नक्षीबरोबर निम्मी किंमतही गेली. चामडं वाळून मधोमध मोडतं. पात्यावरचं नावही अनेकदा घडवणाऱ्याचं नसून विकणाऱ्याचं असतं: पातं झोलिंगनचं, नाव फिलाडेल्फियाच्या हॉर्स्टमनचं. सरकारी छाप नसल्यामुळे अस्सलपणा शैलीवरून आणि झिजेवरून ओळखावा लागतो. त्यासाठी डोळा तयार व्हावा लागतो आणि त्याला वर्षं लागतात.

मग ती घ्यायचीच कशाला? नावासाठी. म्यानाच्या पितळी बंदावर कधीकधी मालकाचं नाव, हुद्दा आणि रेजिमेंट कोरलेली सापडते. अशा माणसाची सेवेची नोंद वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये शोधता येते. पेन्शनची फाइल हाती लागली तर तो कुठे जखमी झाला, लग्न कधी झालं, म्हातारपणी कुठे राहिला, सगळं कळतं. ज्याला दप्तरं चाळायची आवड आहे त्याला ही तलवार दहा सेबरींपेक्षा जास्त देईल. पण नावाने किंमत वाढते, म्हणून नावं नंतर कोरलीही जातात. अक्षरांच्या कडा आजूबाजूच्या पितळाइतक्याच झिजल्या आहेत का? खोबणीतला मळ जुना आहे का? हा नमुना कॅप्टन आणि लेफ्टनंट लोकांचा. त्यावर कर्नलचं नाव दिसलं, तर तो कॅप्टन असतानाचा काळ तलवारीशी जुळतो का ते पाहा. घराण्याची तोंडी हकिकत ऐकून घ्यावी, पैसे मात्र कागदावर दिसेल तेवढ्याचेच मोजावेत.

नकला दोन्हींच्या आहेत. आपल्या देहरादूनमध्ये यादवी युद्धाच्या नमुन्यांच्या तलवारी उघडपणे बनतात, आणि लढायांचे प्रयोग करणारे हौशी लोक त्या रीतसर घेतात. गोची होते ती कुणीतरी ती जिथे बनली त्या देशाचा शिक्का घासून काढून पात्याला कृत्रिम गंज चढवतो तेव्हा. पुसट ओतकाम, पिवळंधमक पितळ, मुठीत हलणारं पातं आणि छापाच्या जागी घासल्याची खूण दिसली तर तलवार खाली ठेवा. कॉन्फेडरेट, म्हणजे फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांच्या तलवारींच्या बाबतीत ही लबाडी इतकी आहे की नवख्याने तिकडे फिरकूच नये.

मधला पर्याय म्हणून १९१३ ची घोडदळ सेबर बघता येईल. हिचा आराखडा तरुण लेफ्टनंट जॉर्ज पॅटनचा, तोच पुढे दुसऱ्या महायुद्धात गाजलेला. सरळ, दुधारी, भोसकण्यासाठी केलेली. स्प्रिंगफिल्डच्या सरकारी कारखान्याचा किंवा लँडर्स, फ्रेरी अँड क्लार्कचा छाप आणि वर्ष त्यावर स्वच्छ वाचता येतं. तपासायला सोपी आहे, पण लढाईचा इतिहास जवळपास नाहीच, आणि मला तरी ती रुक्ष वाटते.

माझं मत सांगायचं तर पहिली तलवार १८६० चीच घ्यावी, एम्सची किंवा रोबीची, छाप स्पष्ट असलेली, म्यानासकट. नावाची अधिकारी-तलवार दुसऱ्या क्रमांकाला, तीही आर्काइव्हजमधली नोंद हाती आल्यावर. बिननावाची, नक्षी गेलेली अधिकारी-तलवार स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. ती पुढे विकतानाही स्वस्तातच जाते.

घरी आणल्यावर पितांबरी लावून पितळ लखलखीत करण्याचा मोह होईल. तो आवरा, जुना काळसर थर हाच संग्राहकाला हवा असतो. पात्याला खनिज तेलाचा अगदी पातळ हात पुरे. चामड्याच्या म्यानात तलवार ठेवून देऊ नका, चामड्यातल्या आम्लाने पोलाद आणि पितळ दोन्ही खराब होतात. खंडेनवमीला पूजा जरूर करा, मात्र ओलं हळदकुंकू आणि पाणी पात्याला लागू देऊ नका. फूल शेजारी ठेवा. आणि तलवार पुढेमागे भारतात न्यायचा बेत असेल तर आधी चौकशी करा: १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली शस्त्र आयात करायला परवाना लागतो, आणि ‘दीडशे वर्षं जुनी आहे हो’ एवढं म्हणून कस्टम्सवाला सोडत नाही.