कुकरच्या वाफेने भाजल्यानंतर इंदुरात वकील शोधताना : एका वकीलबाईंच्या सेवेचा अनुभव

2024 च्या मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी, नैवेद्याचे वरण शिजत असताना कुकरचे झाकण उडाले आणि माझी आई भाजली. कुकर जेमतेम पाच महिन्यांचा होता. राजवाड्याजवळच्या बर्तन बाजारातून 2,340 रुपयांना घेतलेला, पक्क्या बिलाचा. आईचा उजवा हात कोपरापर्यंत आणि मानेची एक बाजू भाजली, अकरा दिवस ती रुग्णालयात होती. हातावर आजही ती घट्ट विणीचा दाबमोजा घालते. व्रण जाड होऊ नयेत म्हणून तो दिवसातले 23 तास घालावा लागतो आणि सैल पडला की नवा घ्यावा लागतो.

हे परीक्षण आमच्या वकीलबाईंच्या कामाचे आहे. वकिलांनी जाहिरात करू नये असा बार कौन्सिलचा नियम आहे आणि आपले नाव कुठे लिहू नये अशी त्यांचीही इच्छा आहे, म्हणून नाव देत नाही. काम मात्र सविस्तर सांगतो, कारण अशा प्रसंगी वकिलाची पारख कशी करावी हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते.

त्यांच्याआधी आम्ही दोघांना भेटलो. पहिल्यांनी भरपाईतला चौथा हिस्सा मागितला. निकालावर अवलंबून असलेली फी वकिलाला ठरवता येत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हते. दुसरे सज्जन होते. त्यांच्या कारकुनाने आईची हकीकत उतरवून घेतली आणि हिंदीत नोटिशीचा मसुदा केला. आई म्हणाली होती, ‘दोन शिट्ट्या काढल्या, तिसरी व्हायची होती, तेवढ्यात झाकण उडालं.’ मसुद्यात त्याचे ‘दो बार सीटी निकाली’ असे झाले. आम्ही तो वाचला, मान डोलावली आणि घरी आलो.

तिसऱ्या भेटलेल्या या वकीलबाई. त्यांचा पहिला प्रश्न बिलाचा नव्हता, भरपाईच्या रकमेचाही नव्हता. त्यांनी विचारले, ‘काकू, कुकर धुतलात का?’ नशिबाने धुतला नव्हता. वहिनीने तो तसाच, वाळलेल्या वरणासकट, पोत्यात गुंडाळून गच्चीवर ठेवला होता. त्याच आठवड्यात दुकानदाराने नवा कुकर देऊन जुना परत नेण्याची तयारी दाखवली होती आणि खरे सांगायचे तर आम्ही देणारच होतो. वकीलबाईंनी कारण समजावून सांगितले. वाफेच्या नळीत डाळ अडकली होती, तुम्ही ती साफच करत नव्हता, असा बचाव कंपनी पहिल्यांदा घेते. नळी मोकळी होती की तुंबलेली, सेफ्टी व्हॉल्व्ह वितळला की जसाच्या तसा राहिला, झाकणाची पकड कुठे वाकली, हे सारे त्या न धुतलेल्या भांड्यातच वाचता येते. त्या स्वतः घरी आल्या, कुकरचे सर्व बाजूंनी फोटो काढले, तो कापडात शिवून लाखेने बंद केला आणि दोन शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या. रबर कंपनीचेच होते का, कधी बदलले होते का, हेही त्यांनी तेव्हाच विचारून लिहून ठेवले.

मग त्यांनी तो जुना मसुदा वाचला आणि ‘सीटी निकाली’ या दोन शब्दांवर बोट ठेवले. आपल्याकडे शिट्ट्या काढणे म्हणजे कुकरला शिट्ट्या होऊ देणे. हिंदीत वाचणाऱ्याला मात्र बाईंनी वाफ भरलेली असताना वरची शिट्टी हाताने उचलली, असेच वाटेल. म्हणजे वापरणाऱ्याचीच चूक आमच्याच सहीने मान्य झाली असती. तक्रार हिंदीतच द्यायची होती, पण त्यांनी आईचे बोलणे आधी मराठीत शब्दशः उतरवले आणि मगच हिंदी केले. माझ्या मते त्यांची अर्धी फी याच एका कामासाठी रास्त होती.

रुग्णालयाच्या कागदावर ‘गरम पाण्याने भाजले’ एवढेच होते. भरती करताना घाबरलेल्या भावाने जे सांगितले तेच तिथे उतरले होते. तपासणाऱ्या डॉक्टरांकडून कुकरचा उल्लेख असलेले आणि पुढे लागणाऱ्या दाबमोज्यांचा व उपचारांचा खर्च सांगणारे स्वतंत्र प्रमाणपत्र त्यांनी आणायला लावले. आमच्या हिशेबात केवळ झालेली बिले होती. पुढचा खर्च आमच्या डोक्यातच नव्हता.

तक्रार 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली, उत्पादकाच्या दायित्वाच्या कलमांवर, इंदूरच्या जिल्हा आयोगात आहे. कंपनी परगावची असली तरी तक्रारदार राहतो तिथे दावा करता येतो. आयोगाची पातळी, म्हणजे तक्रार जिल्हा, राज्य की राष्ट्रीय आयोगात जाईल हे, वस्तूला मोजलेल्या किमतीवरून ठरते, मागितलेल्या भरपाईवरून नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या किमतीला तक्रारीचे शुल्क नसते. मुदत दोन वर्षांची आहे. आम्ही चौथ्या महिन्यात दाखल केली. दुकानदारालाही पक्षकार केले आहे, मात्र विक्रेत्याची जबाबदारी मर्यादित परिस्थितीतच येते, तेव्हा त्याच्याकडून फार आशा ठेवू नका, असे त्यांनी आधीच बजावले.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. त्या फोन क्वचितच उचलतात आणि संध्याकाळी सातनंतर एका ओळीचा निरोप पाठवतात. दवाखान्याच्या चिंतेत असलेल्या घराला हे फार जड जाते. कुकर तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवण्याचा खर्च तक्रारदाराला आधी भरावा लागतो, हे त्यांनी तारखेच्या आदल्या दिवशी सांगितले, त्यामुळे आमची धावपळ झाली. एका शपथपत्रात आईचे वय चुकले होते आणि ते मला दाखवून द्यावे लागले. फी 22,000 रुपये, तीन टप्प्यांत, पहिल्याच दिवशी कागदावर लिहून दिलेली. प्रत्येक वेळी पावती मिळाली. तपासणी असली तर पाच महिन्यांत निकाल व्हावा असे कायद्यात आहे, पण तेवढ्यात होईल असे आश्वासन त्यांनी एकदाही दिले नाही.

कंपनीचे उत्तर आले आहे. त्यात वाफेची नळी अस्वच्छ असल्याचा आरोप आहे, अगदी वकीलबाईंनी पहिल्या दिवशी सांगितला तसाच. कुकर लाखेच्या मोहरांसकट प्रयोगशाळेत गेला आहे आणि अहवालाची आम्ही वाट पाहत आहोत. मावसभावाच्या मुलीचा हात गिझरच्या पाण्याने भाजला तेव्हा मी त्याला यांच्याकडेच नेले. तिथेही त्यांनी आधी, गिझर भिंतीवरून उतरवला तर नाही ना, हेच विचारले.