रंग काढायचं जेल, हीट गन आणि तो स्प्रे: वापरून झाल्यावरचं मत

जेल चांगलं आहे, फक्त डब्यावर छापलेल्या वेळेवर विश्वास ठेवू नका. 'पंधरा मिनिटांत रंग साफ' हे एका हाताच्या ताज्या रंगाला लागू असेल कदाचित, पण जुन्या दारावर ऑइल पेंटचे चार-पाच हात, मधेच कोणीतरी भरलेली पुट्टी आणि सगळ्यात खाली प्रायमर असा प्रकार असला की पंधरा मिनिटांत वरचा हात जेमतेम मऊ पडतो. मी घेतलेलं जेल बेंझाइल अल्कोहोलवालं होतं, वास जवळपास नाही, हाताला लगेच झोंबत नाही, आणि काम हळू करतं. हळू म्हणजे खरंच हळू, संध्याकाळी लावून सकाळी खरवडायला घ्यायचं असा हिशेब धरा.

आता याच जेलखाली लोकांचे रिव्ह्यू वाचले तर निम्मे एक स्टारवाले सारखंच म्हणतात, लावलं, वाट पाहिली, सुकलं, काहीच निघालं नाही, पैसे पाण्यात. त्यातलं 'सुकलं' हेच कारण आहे हो. जेल ओलं आहे तोवरच काम करतं, सुकलं की संपलं. ब्रशने पातळ फासलं आणि वर पंखा चालू ठेवला तर दुसरं काय होणार. जाड थर द्यायचा, एकाच दिशेने, पुन्हापुन्हा ब्रश फिरवायचा नाही, आणि वरून प्लास्टिकची पातळ शीट चिकटवून कडा दाबून टाकायच्या. हे डब्याच्या मागे इतक्या बारीक अक्षरात होतं की मला चष्मा असून मोबाईलने फोटो काढून मोठं करून वाचावं लागलं, आणि पुढच्या बाजूला मात्र तो पंधराचा आकडा केवढा मोठा. कंपनीला एक स्टार द्यायचा असेल तर या गोष्टीसाठी द्या.

शीट काढल्यावर मात्र मजा येते. रंग सायीसारखा सुरकुतलेला असतो आणि स्क्रेपर तिरका धरून ढकलला की लांबच्या लांब पट्ट्या निघतात. सपाट भागावर पहिल्याच वेळी लाकूड दिसायला लागलं, पण चौकटीच्या खाचा आणि नक्षी दुसऱ्यांदा जेल लावल्याशिवाय सुटली नाही, तिथे स्क्रेपर घालायचा मोह आवरा, नायलॉनचा ब्रश आणि दोरीचा तुकडा जास्त कामाला येतो. लोखंडी स्क्रेपर वापरणार असाल तर त्याचे दोन्ही कोपरे आधी कानशीने गोल करून घ्या, नाहीतर मऊ लाकडावर चरे पडतात आणि मग ते घालवायला वेगळी मेहनत. प्लास्टिकचा स्क्रेपर डब्याबरोबर फुकट येतो, तो वाकतो, टाकून दिलात तरी चालेल.

एक मात्र आहे, जेल निघालं म्हणजे काम झालं असं नाही. लाकडावर त्याचा चिकट अंश राहतो आणि तो नीट धुतला-पुसला नाही तर नवीन रंग नीट धरत नाही, काही दिवसांत पोपडे येतात. मग ते लोक येऊन नवीन पेंटला एक स्टार देतात, म्हणजे शिक्षा भलत्यालाच. आपल्या डब्यावर पाणी लिहिलंय की स्पिरिट ते बघून पुसा, लाकूड पूर्ण सुकू द्या, मग हलका पॉलिश पेपर. पाण्याने पुसलेल्या लाकडाचे तंतू उभे राहतात त्यामुळे पेपर मारावाच लागतो, त्यात पळवाट नाही. आणि पुढे पाण्यात मिसळायचा रंग देणार असाल तर स्टील वूल नको, त्याचे बारीक तुकडे लाकडात अडकतात आणि नंतर गंजाचे ठिपके वर येतात.

'पूर्वीचं रिमूव्हर कसं झटक्यात रंग उचलायचं, आताची सगळी भेसळ' अशी तक्रार जुने जाणते लोक फार करतात. झटक्यात उचलायचं हे खरं. त्यात मिथिलीन क्लोराइड असायचं, ते रंगाच्या थरात शिरून त्याला फुगवून पृष्ठभागापासून सोडवतं, मिनिटांत. पण ते साधारण ४० अंशाला उकळतं म्हणजे खोलीतल्या हवेतही भराभर उडतं, वाफ हवेपेक्षा जड असल्याने खाली साचते, आणि शरीरात गेलं की त्याचा काही भाग कार्बन मोनॉक्साइड बनतो. बंद बाथरूममध्ये टबचा जुना थर काढताना कामगार जागीच गेल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. अमेरिकेत २०१९ मध्ये सामान्य ग्राहकांना असलं रिमूव्हर विकायला बंदी आली, युरोपात तर त्याच्या आधीच. तेव्हा नवीन जेल हळू आहे म्हणून नाक मुरडण्यात अर्थ नाही. जिथे अजून जुनं मिळतं तिथे डब्यामागची यादी वाचा, आणि साधा धुळीचा मास्क लावून आपण सुरक्षित आहोत असं समजू नका, तो वाफ अडवत नाही. नायट्राइलचे पातळ हातमोजेही त्याच्यापुढे काही मिनिटंच टिकतात.

तिसरा प्रकार कॉस्टिकवाला, म्हणजे कॉस्टिक सोड्याचा, स्वस्त असतो आणि जुन्या ऑइल पेंटवर जोरदार चालतो, पण ओकसारख्या टॅनिनवाल्या (तुरट द्रव्य असलेल्या) लाकडाला काळं पाडतो आणि अॅल्युमिनियम खातो. कातडीला भाजतो ते वेगळंच. डोळ्यावर गॉगल नसेल तर डबा उघडूच नका. रंगकाम करणाऱ्या माझ्या ओळखीच्या काकांचा सगळा भर यावरच असतो, नंतर व्हिनेगरच्या पाण्याने पुसून घेतात, आणि त्यांचं काम बघून नाव ठेवायला जागा नाही, पण मी घरात आणणार नाही.

हीट गन, म्हणजे गरम हवा फेकणारं यंत्र, तिच्याबद्दल मला आधी शंका होती, आता जेलपेक्षा जास्त हात तिच्याकडेच जातो. सपाट दार, फळ्या, जाड रंग असेल तर गन पुढे पुढे आणि स्क्रेपर मागे मागे, रंगाला बुडबुडे आले की लगेच खरवडायचं, धुवायची भानगड नाही, सुकायची वाट नाही. एका जागी धरून ठेवली तर लाकूड करपतं. खिडकीला काच असेल तर काचेच्या कडेला नेऊ नका, तडकते, तिथे जेलच बरं. दोन स्विचवाली गन घेण्यापेक्षा तापमान कमी-जास्त करता येणारी घ्या, थोडी महाग पडते पण जुन्या रंगासाठी तीच हवी.

का, ते सांगते. जुन्या घरातल्या खालच्या थरांत शिसं असू शकतं. अमेरिकेत घरगुती रंगातलं शिसं १९७८ मध्ये बंद झालं, बऱ्याच देशांत त्याहून कितीतरी उशिरा. गन साधारण ५९० अंश सेल्सिअसच्या वर गेली की शिशाची वाफ होण्याचा धोका असतो, आणि कोरडा पॉलिश पेपर मारला तर तेच शिसं धूळ होऊन घरभर पसरतं. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर आधी टेस्ट करून घ्या, आणि शिसं निघालं तर ओलं करून खरवडा किंवा सरळ माहितगार माणसाला बोलवा, हौस बाजूला ठेवा. हे वाक्य मला एकाही प्रॉडक्टच्या जाहिरातीत दिसलं नाही.

स्प्रे रिमूव्हर घेऊ नका. उभ्या दारावर मारला की खाली ओघळतो, फरशीवर जातो, दारावर राहतो तो पातळ थर सुकून जातो. सायकलची फ्रेम किंवा कडीकोयंड्यासारख्या छोट्या वस्तूला ठीक. आणि पावडर कोटिंग किंवा दोन डबे एकत्र मिसळून लावायचा एपॉक्सी रंग असेल तर या साध्या जेलांपैकी कोणाकडूनही फार अपेक्षा ठेवू नका.

कुठलं घ्यायचं ते कळत नसेल तर आधी वरचा रंग कोणता ते बघा, कापसाला मेथिलेटेड (अल्कोहोलवालं) स्पिरिट लावून कोपऱ्यात घासा, रंग कापसावर उतरला तर पाण्यातला, नाही उतरला तर बहुतेक ऑइल पेंट. आणि मोठा डबा घेण्याआधी लहान डबा आणून दाराच्या मागच्या बाजूला, जिथे कोणाचं लक्ष जात नाही तिथे, वेगवेगळा वेळ ठेवून बघा. आख्ख्या दाराला किती वेळ ठेवायचा ते तिथेच कळतं.

सर्व्हिसबद्दल थोडं. माझा एक डबा झाकणातून गळत आला, कस्टमर केअरने फोटो मागितले, दिले, मग परत तेच फोटो दुसऱ्या कोणीतरी मागितले. बदली डबा आला शेवटी, पण त्यावर बॅच आणि तारीख खोडलेली होती. मी तो उघडलेला नाही, परत पाठवायला काढून ठेवलाय.