लूप हॅबिट ट्रॅकर: वही चोख, गजर बेताचा

सवयी लावून देणाऱ्या ॲपांची कमी नाही. लूप त्यांत उठून दिसतं ते हिशेबाच्या पद्धतीमुळे. अँड्रॉइडवर फुकट आणि ओपन सोर्स आहे; जाहिराती नाहीत, खातं उघडावं लागत नाही, नेट बंद असलं तरी चालतं. आयफोनवाल्यांसाठी मात्र नाही.

बरीच ॲप सलग दिवसांच्या साखळीवर भर देतात. चाळीस दिवस सूर्यनमस्कार घातले आणि एकेचाळिसाव्या दिवशी ताप आला की आकडा शून्यावर. तो शून्य बघून माणूस सूर्यनमस्कार सोडतो आणि ॲपही. लूपमध्ये साखळी दिसते, पण सवय किती पक्की झाली हे सांगणारा खरा आकडा टक्क्यांत असतो. रोजची सवय न चुकता पाळली तर महिन्याभरात साधारण ८० टक्के, दोन महिन्यांत ९६, तीन महिन्यांत ९९. ऐंशीवर असताना एक दिवस बुडाला तर आकडा ७६ च्या आसपास उतरतो आणि पुढच्या तीन-चार दिवसांत भरून निघतो. हा हिशेब माणसाच्या स्वभावाला धरून आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासातही एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडत नाही असंच दिसलं. सवय अंगवळणी पडायला १८ ते २५४ दिवस, मधला आकडा ६६. तेव्हा '२१ दिवसांत सवय लागते' म्हणणाऱ्या चॅलेंजवर किती विसंबायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं.

आजारपण, गावाला जाणं यासाठी 'स्किप' आहे. त्या दिवशी ना टक्के घटतात ना साखळी तुटते. पण ही सोय सेटिंग्जमध्ये जाऊन सुरू करावी लागते, आणि अनेकांना ती सापडतच नाही. उशिरा झोपणाऱ्यांनी नवा दिवस पहाटे तीनला सुरू करणारा पर्यायही चालू करावा, नाहीतर रात्री साडेबाराला केलेली खूण भलत्याच तारखेला पडते. खूण करायला बोट दाबून धरावं लागतं. ते जाचक वाटलं तर तेही बदलता येतं.

आता गजर. एका सवयीला दिवसातून एकच वेळ देता येते. वार निवडता येतात. दिवसभर थोडं थोडं पाणी प्यायची आठवण हवी असेल तर हे ॲप उपयोगाचं नाही. त्याहून मोठी अडचण घड्याळाची. २०१५ मध्ये कातार्झिना स्टावार्झ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की फोनच्या आठवणीमुळे काम रोज होतं खरं, पण ते आपसूक होणं मागे पडतं. रोजच्या एखाद्या घटनेला बांधलेलं काम लवकर अंगी मुरतं. लूपला घटना कळत नाही, फक्त वेळ कळते. म्हणून नोटिफिकेशनमध्ये दिसणाऱ्या 'प्रश्न' या रकान्यात घटना आपणच लिहायची. 'गोळी घेतली का?' यापेक्षा 'चहाचं आधण ठेवलं? मग गोळी' हे बरं. गजर आधण ठेवण्याच्या पाचेक मिनिटं आधीचा लावावा. अडनिड्या वेळी वाजणारी आठवण रोज सरकवून टाकली जाते आणि शेवटी सरकवण्याचीच सवय लागते.

सवयीचं नाव देतानाही विचार करावा. 'चालायला जाणे' हे काम झालं, 'रोज पायी जाणारा' ही ओळख. अमेरिकेत २०११ च्या एका अभ्यासात 'मतदान करणं' ऐवजी 'मतदार असणं' असं विचारल्यावर मतदान वाढलेलं दिसलं. २०१६ च्या मोठ्या प्रयोगात मात्र तसा परिणाम आढळला नाही. तेव्हा नावात जादू नाही, पण करून बघायला पैसेही पडत नाहीत. नाव मात्र पहिल्या दिवसापासून खरं ठरेल असं हवं. पलंगावर लोळत 'धावपटू' वाचायला कुणालाही ओशाळंच वाटेल.

गजर वाजतच नसेल तर दोष बहुधा फोनचा. अँड्रॉइड १३ पासून नोटिफिकेशनची परवानगी वेगळी द्यावी लागते, आणि काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवायला मागे चालू असलेलं ॲप गुपचूप बंद करतात. ॲपच्या माहितीत जाऊन बॅटरीवरचे निर्बंध काढावेत आणि 'ऑटोस्टार्ट' असेल तर सुरू करावं.

सुरुवातीला दोन-तीनच सवयी घ्याव्यात. आकडा ऐंशीच्या पुढे गेला की त्या सवयीचा गजर बंद करून खूण तेवढी चालू ठेवावी. पंधरा दिवसांत टक्के घसरले तर सवय अजून फोनच्याच जिवावर आहे. गजर पुन्हा लावून आणखी महिनाभर थांबावं.

दोन फोनांत आपोआप सिंक होत नाही. फोन हरवला तर नोंदी गेल्या. महिन्यातून एकदा सेटिंग्जमधून पूर्ण बॅकअपची फाइल काढून स्वतःलाच ईमेल करून ठेवावी.