अल्टरनेटरचा आवाज: बेल्ट, बेअरिंग की अख्खा अल्टरनेटर?

बॉनेटखालून नवा आवाज आला की आधी बेल्ट बदलला जातो, कारण तिघांत तोच स्वस्त. कधी काम भागतं, कधी बेल्ट नवा आणि आवाज जुनाच राहतो. त्यामुळे आवाज कशाने वाढतो ते आधी पाहावं.

घसरणारा बेल्ट किंचाळतो. गार इंजिन सुरू होताना, किंवा हेडलाइट आणि ब्लोअर एकदम लावल्यावर, अल्टरनेटर (बेल्टने फिरून वीज बनवणारा, बॅटरी चार्ज करणारा भाग) फिरवायला जास्त जोर लागतो आणि ढिला बेल्ट सरकतो. चालू इंजिनात बेल्टच्या खाचांवर स्प्रेने थोडं पाणी मारा, हात आणि बाह्या लांब ठेवून. आवाज वाढला तर ताण कमी आहे. क्षणभर थांबून परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत, आणि अशा वेळी नवा बेल्टही लवकरच चिवचिवेल. माझा आग्रह एवढाच की टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) पाहिल्याशिवाय बेल्ट विकत घेऊ नये.

बेअरिंग घरघरतं. इंजिनाच्या वेगाबरोबर सूर चढतो, पाण्याने काही फरक पडत नाही. अल्टरनेटर इंजिनाच्या साधारण अडीच-तीन पट वेगाने फिरतो. 2000 आरपीएमला त्याच्या 5000-6000 फेऱ्या होतात, त्यामुळे झिजलेलं बेअरिंग फार दिवस तग धरत नाही. इंजिन बंद करून बेल्ट काढा आणि पुली हाताने फिरवा. खरखर लागली किंवा शाफ्ट डगडगला तर निदान झालं. तशीच टेन्शनर आणि वॉटर पंपाची पुलीही फिरवून बघा. पुष्कळदा दोषी शेजारी असतो.

डायोड (अल्टरनेटरमधल्या एसी विजेचं डीसी करणारा भाग) गेला असेल तर बारीक गुणगुण येते, कधी फक्त रेडिओच्या स्पीकरमधून. रेडिओचं खराब अर्थिंगही असाच आवाज करतं, म्हणून इथे कानापेक्षा मल्टिमीटर बरा. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण 13.8 ते 14.5 व्होल्ट दिसावेत (काही नव्या गाड्या मुद्दाम कमी ठेवतात). मग मीटर एसी व्होल्टवर घ्या. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर डायोडवर संशय घ्या. रात्रीत बॅटरी उतरत असेल तर संशय आणखी बळावतो. चालू इंजिनात बॅटरीची वायर काढून बघण्याची जुनी युक्ती मात्र करू नका, व्होल्टेज उसळून गाडीतली इलेक्ट्रॉनिक्स जळू शकतात.

चार्जिंग नीट आणि फक्त घरघर असेल तर मी बेअरिंगच बदलेन. बेअरिंगसोबत डायोडही गेला असेल, किंवा ब्रश (आतल्या फिरत्या भागाला करंट देणारे कार्बनचे तुकडे) संपत आले असतील, तर सुटी दुरुस्ती परवडत नाही; अख्खा अल्टरनेटर बसवावा. किंचाळणाऱ्या बेल्टवर जपून चार दिवस निघतात. घरघरत्या बेअरिंगवर लांबचा प्रवास नको. ते जाम झालं तर बेल्ट तुटतो, आणि अनेक गाड्यांत वॉटर पंपही त्याच बेल्टवर असतो.