ट्रॅक्टरवर अँटेना एक की दोन? आधी बेसचं बघा

बीबीएफनं (रुंद वरंबा-सरी पद्धतीनं) सोयाबीन पेरायची, तास सरळ पाहिजेत, म्हणून ट्रॅक्टरला जीपीएसचं ऑटोस्टिअरिंग घ्यायचं असेल तर पहिला प्रश्न येतो, सिंगल अँटेना का ड्युअल. आणि लय जणांना वाटतं दोन अँटेना म्हणजे दुप्पट अचूक. तसं नाहीये.

टपावर शेजारी शेजारी दोन लावले तरी सिग्नल दोघांनाही २०,२०० किमी वरच्या त्याच सॅटेलाइटकडून, त्याच आयनोस्फियरमधून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातून) येतो, त्यामुळं घड्याळाची न् वातावरणाची चूक दोघांत सारखीच, सरासरी काढून ती जाणार कशी? ती घालवायला जमिनीवर पक्क्या, माहीत असलेल्या जागेवर वेगळा अँटेना लागतो, तो म्हणजे बेस. बेस दुरुस्ती पाठवतो आणि ट्रॅक्टर काही मीटरच्या चुकीवरून दोन-तीन सेंटीमीटरवर येतो, यालाच आरटीके म्हणतात. सोयाबीनच्या दोन ओळींत ४५ सेंमी असतात, तिथं आरटीकेशिवाय काम नाही.

मग दुसरा अँटेना कशाला, तर दिशेसाठी. एकट्याला जागा कळते पण ट्रॅक्टरचं तोंड कुठं ते चालायला लागल्यावरच कळतं, म्हणून धुऱ्यावर वळून नवीन तासाला लागताना किंवा अगदी हळू चालताना तो गडबडतो. दोन असले की उभ्या जागी दिशा मिळते, मीटरभर अंतरावर साधारण ०.२ अंशापर्यंत, आणि अंतर वाढवलं तर अजून चांगली, म्हणून टपाच्या डाव्या-उजव्या टोकांना लावा. असे आडवे लावले की ट्रॅक्टर किती कलला तेही कळतं, आणि हे किरकोळ नाही बरं का, टप ३ मीटर उंच असेल न् ट्रॅक्टर ५ अंश कलला तर वरचा अँटेना २६ सेंमी बाजूला जातो, म्हणजे अर्ध्या ओळीच्या वर! सिंगलमध्ये हे काम आतला आयएमयू, म्हणजे कल न् हालचाल मोजणारा सेन्सर करतो, तो नसलेलं किट घेऊच नका.

माझं मत स्पष्ट आहे, पैसा आधी बेसवर. भारतीय सर्वेक्षण विभागाचं कॉर्स, म्हणजे कायम चालू असणाऱ्या बेसचं नेटवर्क महाराष्ट्रात आहे, दुरुस्ती इंटरनेटवरून येते, पण शिवारात रेंज पाहिजे. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात, पाटोदा-आष्टीकडं वावरात रेंज तुटत असेल तर रेडिओवाला स्वतःचा बेस बरा, चार-पाच जणांनी मिळून घ्या, फक्त बेसपासून दर १० किमीला साधारण सेंटीमीटरभर चूक वाढते हे धरून चला.

परभणी-नांदेडकडची सपाट काळी रानं, लांब तास, नुसती पेरणी असेल तर सिंगल अन् चांगला आयएमयू बास. उताराचं रान, छोटे तुकडे, सारखं वळणं किंवा भाड्यानं दुसऱ्याच्या रानात जाणं असेल तर ड्युअलच घ्या. आणि कुठलंही घ्या, दोनपेक्षा जास्त फ्रिक्वेन्सी घेणारा रिसीव्हर मिळत असेल तर तो आधी बघा, कारण आपल्याकडं दिवस मावळल्यावर आयनोस्फियर जास्त बिघडतो आणि रात्री पेरायची वेळ आली की फिक्स (आरटीकेची सेंटीमीटरची पकड) सुटायला लागतो.