जुन्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी आणि केक : काजूच्या वाडीतले नऊ महिने

परतीच्या पावसात जवळच कुठेतरी वीज पडली आणि घरात नेटची वाटणी करणाऱ्या माझ्या राउटरचा अ‍ॅडॅप्टर जळाला. नवा मिळेपर्यंत सहा दिवस केबलवाल्याच्या राउटरवर काढले. सहाही दिवस घरात नेटवरून भांडणं झाली, म्हणून आज हे लिहायला बसले.

कनेक्शन महिना ५९९ रुपयांचं, ४० एमबीपीएस. घेताना अपलोड, म्हणजे घरून बाहेर पाठवायचा वेग, किती ते विचारलं होतं. "तेवढाच मिळता ताई," असं उत्तर आलं. मोजलं तर जेमतेम ८. मी घरून पुण्याच्या ऑफिसचं काम करते, भाऊ-वहिनीचे फोन, आईचा टीव्ही, आणि वाडीत दोन कॅमेरे. वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या काजूच्या जातींची मिळून १४० कलमं आहेत आणि मार्चपासून झाडाखालची बी उचलून नेतात, म्हणून ते बसवले.

जानेवारीत मोहराचे तुरे काळे पडायला लागले. दापोलीला आतेभाऊ आहे, त्याला कलमांतलं कळतं. त्याला व्हिडिओ कॉल लावला तर चौकोनच चौकोन. "गो, पान उलटा कर, माका काय दिसणा नाय," एवढं ऐकू आलं आणि कॉल तुटला. फोटो पाठवले ते फिरत राहिले. ढेकण्या आहे, म्हणजे टी मॉस्किटो ही कीड, हे ठरून फवारणी होईपर्यंत चार दिवस गेले. विहिरीकडच्या वीस-बावीस कलमांचा मोहर करपला तो करपलाच. तक्रार केली तर सल्ला मिळाला, ९९९ चा प्लॅन घ्या. वर्षाला ४,८०० रुपये जास्त, आणि त्यातही अपलोड किती ते सांगायला कोणी तयार नाही. मी नाही म्हटलं.

फेब्रुवारीत १,३०० रुपयांना वापरलेला राउटर घेतला, त्यावर ओपनडब्ल्यूआरटी, म्हणजे राउटरसाठीची मुक्त लिनक्स प्रणाली, चढवलं आणि त्यातल्या एसक्यूएममध्ये, म्हणजे नेटची रांग सांभाळणाऱ्या भागात, केक हा वाटणी करणारा प्रोग्राम लावला. डाउनलोड ३६, अपलोड ७. मोजलेल्या वेगापेक्षा आकडा थोडा खाली ठेवायचा, म्हणजे रांग आपल्या राउटरवर लागते आणि तिची शिस्त आपल्या हातात राहते. नेट भरलेलं असताना पिंग, म्हणजे निरोप जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ, ७०० मिलिसेकंदांच्या वर जायचा, तो ४५ वर आला. पैसे न वाढवता इतका फरक पडेल असं खरंच वाटलं नव्हतं.

माझा सगळा राग अपलोडवर आहे आणि तो अजून गेलेला नाही. आपण काहीही उतरवून घेताना पोच परत पाठवावी लागते, ती अपलोडच्याच वाटेने जाते. दोन कॅमेरे मिळून ८ पैकी ४ खायचे, उरलेले फोनचे फोटो बॅकअप. पोच रांगेत अडकली की ४० चं डाउनलोडही मरतं. सरकारने जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँडची व्याख्या ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएसवर नेली, तीही डाउनलोडचीच. शेतावरून फोटो पाठवणाऱ्याला त्याचा काय उपयोग?

एप्रिलमध्ये मात्र माझं मत फिरलं. वहिनीच्या नव्या फोनचा बॅकअप सुरू झाला आणि माझी मीटिंग पुन्हा अडखळायला लागली. केकचं कौतुक उगाचच चाललंय असं तेव्हा दोघा-तिघांना बोलूनही दाखवलं. ते आता मागे घेते. चूक सेटिंगची होती. राउटर घरातल्या सगळ्या यंत्रांना बाहेर एकच पत्ता देतो, त्यामागची यंत्रं केकला वेगळी ओळखू देणारा 'नॅट' हा पर्याय मी घातलाच नव्हता, त्यामुळे अपलोडकडे केकला सगळं घर एकच पत्ता दिसत होतं आणि वाटणी जोडण्यांमध्ये होत होती. ज्याने दहा जोडण्या उघडल्या त्याला दहा वाटे. आमच्या पोफळीच्या बागेत पाटाचं पाणी पाळीने येतं. पाळी घराची असते, कोण किती कळशा घेऊन आलं यावर नसते. अपलोडच्या बाजूला 'नॅट ड्युअल-एसआरसीहोस्ट' आणि डाउनलोडच्या बाजूला 'नॅट ड्युअल-डीएसटीहोस्ट इनग्रेस' घातलं आणि पाळी खऱ्या अर्थाने घरातल्या प्रत्येक यंत्राला मिळाली. मागायला कोणी नसेल तर सगळा वेग एकट्याला मिळतो, वाया जात नाही. फ्लो ऑफलोडिंग, म्हणजे ये-जा आडवाटेने झटपट सोडायची राउटरची सोय, चालू असेल तर बंद करा, नाहीतर बरीचशी ये-जा केकला बगल देऊन निघते.

रात्री आठ ते दहा मात्र त्रास आहे. तेव्हा सगळ्या गावाची वाट तुंबते, मला ३६ ऐवजी १५-२० मिळतात आणि रांग पुन्हा केबलवाल्याकडे लागते. तिथे माझ्या राउटरचं काही चालत नाही. तिथली वाटणी त्यानेच करायला हवी आणि पावतीवर अपलोडचा आकडा छापायला हवा. केक २०१८ पासून लिनक्समध्ये फुकट आहे, तेव्हा खर्चाची सबब मला पटत नाही. तुमची लाइन ३०० एमबीपीएसची असेल तर असल्या जुन्या राउटरचा प्रोसेसर धापा टाकेल, तिथे दमदार राउटर लागेल. आमच्या ४० ला हा पुरेसा आहे आणि चौथ्या महिन्यातच पैसे वसूल झाले.

काल कलमांच्या नव्या पालवीवर डाग दिसले. कॅमेरे चालू, आईचा टीव्ही चालू, आणि तशात दापोलीला कॉल लावला. पानाच्या देठापर्यंत स्वच्छ दिसलं. "ढेकण्याच आसा, उद्याच फवार," म्हणाला. आज सकाळी पंप भरून विहिरीकडच्या कलमांपासून सुरुवात केली.