माटुंग्यातले आठ महिने, कडीचा डबा आणि सांबाराची पिशवी

काल सकाळी घराजवळच्या हॉटेलात सांबार माझ्या डब्यात द्याल का, असं पुन्हा विचारलं आणि पुन्हा तेच उत्तर मिळालं. "डब्यात देत नाही, पिशवीतच घ्यावं लागेल." आठ महिन्यांत हे चौथ्यांदा. म्हणून आज बसून सगळं लिहून काढतेय.

माटुंगा पूर्वेला, स्टेशनपासून किंग्ज सर्कलपर्यंत, कुठे काय मिळतं हे नव्याने सांगायला नको. मी इथल्या रुइया कॉलेजात होते तेव्हापासून इथे खातेय. पण मैत्रिणींबरोबर हौसेने डोसा खाणं वेगळं आणि घरातल्या आजारी माणसाची सोय म्हणून रोज सकाळी सात वाजता त्याच दुकानांच्या दारात उभं राहणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात हॉटेल खरं कळतं.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आई बाथरूममध्ये घसरली. उजवं मनगट मोडलं, कोपरापर्यंत प्लास्टर. घरात आम्ही दोघीच. दुपारचं जेवण शेजारच्या काकूंनी आपणहून अंगावर घेतलं, रात्रीचं मी करायचे, प्रश्न सकाळचा होता. मी आठला घर सोडते. आईची आंघोळ कामाच्या बाई आल्यावर व्हायची, मग डाव्या हाताने जमेल तशी पूजा, त्यामुळे तिला खायला साडेनऊ वाजायचे. पोहे-उपमा तोवर गार होऊन गोळा होतो. शिवाय डाव्या हाताने चमच्यातून पोहे खाताना निम्मे ताटाबाहेर सांडतात आणि त्याने ती खट्टू व्हायची. इडली मात्र सांबारात बुडवून ठेवली की चमच्याने नीट तुटते, सांडत नाही. तेव्हा रोज इडली-सांबार असं ठरलं.

पहिले तीन आठवडे मी घराला सगळ्यात जवळच्या हॉटेलातून पार्सल आणत होते. नाव लिहीत नाही. इडली त्यांची खरोखर चांगली, मऊ आणि आंबूस. पण सांबार पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत, तोंडाला दोरा गच्च आवळलेला. चटणी तशाच छोट्या पिशवीत. एका हाताने ती गाठ सुटत नाही. करून बघा, दोन्ही हात शाबूत असले तरी नखं लागतात. मी निघण्याआधी सांबार पातेल्यात ओतून जायचे. जुलैच्या पहिल्या आठवड्यात एक दिवस घाईत राहून गेलं. आईने दाताने पिशवी फाडली आणि सांबार प्लास्टरवर सांडलं. आतून ओलं झालं, दवाखान्यात जाऊन प्लास्टर बदलावं लागलं, अर्धा दिवस गेला आणि पैसे गेले ते वेगळेच. आई दिवसभर एवढंच म्हणत होती, "माझीच घाई झाली." तिची काही घाई झाली नव्हती. साडेनऊला भूक लागलेल्या बाईने समोर असलेलं सांबार खायचं नाही तर काय करायचं?

दुसऱ्या दिवशी मी आजीचा दोन पुडांचा कडीचा डबा घासून बाहेर काढला आणि त्याच हॉटेलात गेले. खालच्या पुडात सांबार, वरच्यात इडली, एवढंच मागणं. पार्सलवाल्या मुलाने मालकाकडे बघितलं, मालकाने मान हलवली. "पिशवीचं माप असतं, डब्यात किती जाईल कळत नाही." मी म्हटलं, पिशवीतलंच माझ्यासमोर डब्यात ओता. तर म्हणे त्याने काउंटर घाण होतो. पार्सलचे दहा रुपये मी तीन आठवडे बिनतक्रार दिले होते, वहीत नोंद आहे: 18 सकाळी, 180 रुपये. डबा माझा, धुणार मी, तरी नाही. आपल्या राज्यात 2018 पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, हेही शांतपणे सांगून पाहिलं. उपयोग झाला नाही.

तेव्हापासून माझा माटुंग्यातल्या प्रत्येक खाण्याच्या जागेला एकच पहिला प्रश्न असतो. डबा भरून देता का? चवीचं नंतर बघू.

रामाश्रयला पहिल्यांदा डबा नेला तेव्हा मी भांडायच्या तयारीने गेले होते. आत पहाटेपासून राबता, बाकांवर माणसं, दारात रांग. मुलाने डबा हातात घेतला, कडी काढली, आधी गरम पाण्याने विसळला आणि खालचं पूड काठोकाठ न भरता दोन बोटं सोडून भरलं. "ताई, चालताना हिंदकळेल म्हणून कमी ठेवलं, वाटी वेगळी देऊ का?" मला तिथेच भरून आलं. 1939 सालापासून चाललेलं ठिकाण आहे. पूर्वी लोक घरून भांडी घेऊनच येत असणार, त्यांना त्यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. डबा टॉवेलात गुंडाळून ठेवला की साडेनऊला सांबार कोमट नाही, चांगलं गरम असायचं. पिशवीतलं कधी तसं राहिलं नाही. त्याचं कारण मला ऑगस्टमध्ये दिसलं. त्या जवळच्या हॉटेलात पिशव्या पहाटेच भरून टोपलीत रचून ठेवतात. म्हणजे सातला मी घ्यायचे तेव्हाच ते सांबार तासाभराचं झालेलं असायचं.

आता चवीबद्दल, कारण इथे माझं मत बदललंय. पहिल्या महिन्यात मी वहीत लिहिलं होतं, "सांबार सगळीकडे गोड. गूळ फार." तमिळ मैत्रिणीच्या घरचं सांबार खाऊन वाढल्यामुळे मला तेच खरं वाटायचं, आंबट-तिखट, चिंचेचं. एकदा आईपुढे हे बोलले तर ती म्हणाली, "आपल्या आमटीत तू गूळ घालत नाहीस का? ही त्यांची आमटी, शेवग्याची." तिच्या बोलण्याने डोक्यात उजेड पडला. माटुंग्यातली ही जुनी हॉटेलं बहुतेक उडुपीकडच्या लोकांनी काढलेली, आणि उडुपीच्या सांबाराला गुळाची आणि खोबऱ्याची बैठक असतेच. ती चूक नाही, ती त्यांची पद्धत आहे. गोडा मसाला आणि गूळ घातलेली आमटी खाऊन वाढलेल्या माणसाने तरी त्याला नावं ठेवू नयेत. वहीतलं ते वाक्य मी खोडलंय.

रसमचं मात्र पहिल्या दिवसापासून एकच मत आहे. कॅफे मद्रासचं रसम. ऑगस्टमध्ये आईला खोकला झाला, तोंडाची चव गेली, इडली नको म्हणायला लागली. त्या आठवड्यात मी तिथून रसम वडा आणला. वडे वरच्या पुडात कोरडे, रसम खाली, घरी आल्यावर एकत्र करायचं. आई रसमला सार म्हणते. वाटीभर सार प्यायली, मग मिऱ्याने नाक मोकळं झालं असं म्हणत वडाही संपवला. रविवारी सकाळी तिथे फुटपाथवर नावं देऊन उभ्या असलेल्या लोकांना मी आधी वेड्यात काढायचे, आता काढत नाही. पण माझ्यासारखीने आठवड्याच्या मधल्या वारी सकाळी लवकर जावं. सोमवारी ते बंद असतं, रामा नायकांची खानावळही सोमवारी बंद, तेव्हा सोमवार रामाश्रयचा, हे आमच्या घरात इतकं पक्कं झालं की आईच विचारायची, "आज सोमवार ना, मग शिरा?" त्यांचा अननसाचा शिरा मला तुपकट वाटतो, आईला नाही. प्रसादाच्या शिऱ्याशी तुलना करून तिने त्याला पास केलाय, आणि घरात शिऱ्याच्या बाबतीत तिचाच शब्द शेवटचा.

डोसा पार्सल नेऊ नका, कुठूनही. आठ महिन्यांत दोनदा नेला, दोन्हीदा घरी पोचेपर्यंत चामडं झालं. हॉटेलचा दोष नाही, डोसा तव्यावरून पानात एवढाच प्रवास करायला केलेला असतो. म्हैसूर कॅफेत बसून खाल्लेला आणि घरी आणलेला हे दोन वेगळे पदार्थ आहेत. कूलर या इराणी हॉटेलातला ब्रून मस्का, म्हणजे कडक पाव आणि लोणी, चहाबरोबर तिथेच खावा. कॉफीची भुकटी दुकानातून समोर दळून घ्या. चिकोरी किती टक्के घालायची ते विचारतात, आम्ही वीस सांगतो.

सप्टेंबरच्या आधी प्लास्टर निघालं. मनगट आखडलेलं होतं, बोटं मिटत नव्हती. फिजिओथेरपीच्या बाईंनी सांगितलं, चमचा सोडा, हाताने जेवा, भात कालवा, तोच व्यायाम. आईला लोकांसमोर हात थरथरण्याची लाज वाटायची. एका शनिवारी मी तिला रामा नायकांच्या खानावळीत नेलं. स्टेशनबाहेरच्या मार्केटच्या इमारतीत पहिला मजला, जिना तिने कठडा धरून हळू चढला. 1942 पासूनची जागा. केळीचं पान मांडलं, आजूबाजूला सगळे हातानेच जेवत होते आणि कोणाचंही आमच्याकडे लक्ष नव्हतं. आईने भातावर रसम घेतलं आणि कालवायला सुरुवात केली. पहिला घास तोंडापर्यंत जाईतो अर्धा निसटला. तिसऱ्या-चौथ्याला जमलं. वाढपी भात घेऊन परत आला, तिच्या हाताकडे बघितलं, आणि पुढच्या वेळी भात मध्यभागी न घालता तिच्या बाजूला, पानाच्या काठाजवळ घातला. विचारलं नाही, बोलला नाही. ताक पिऊन ती खाली उतरली तेव्हा मी घड्याळ बघितलं, जेवायला पन्नास मिनिटं लागली होती आणि कोणी उठायची घाई केली नव्हती. त्यानंतर दर शनिवारी आम्ही जातो. आता तिला वीस मिनिटं लागतात.

मग आईचा हात बरा असताना काल पिशवीवाल्याकडे गेलेच का? कारण तिला त्यांची इडली आवडते. तिनेच सांगितलं, "आता विचारून बघ, आता देतील." मी डबा पुढे केला. त्याच मुलाने मालकाकडे बघितलं, मालकाने तशीच मान हलवली. मुलाला वाईट वाटलं हे दिसत होतं, त्याच्यावर माझा राग नाही. मालकांना मी सांगितलं की पिशवीच्या मापाने दोन डाव होतात, डाव तुमच्याकडे आहे, दोन डाव घाला, मी तीन मागणार नाही. ते पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

तसाच रिकामा डबा घेऊन रामाश्रयला गेले. मुलाने कडी काढता काढता विचारलं, "आज उशीर झाला ताई?" आणि दोन बोटं जागा सोडून सांबार भरलं. घरी आल्यावर आईने डबा हातात घेतला, उजव्या हाताने कडी उघडली आणि म्हणाली, "त्यांनी नाही दिलं वाटतं."